आठवड्याचे तेहेतीस तास

आर्डिस : खूण चुकीच्या चौकटीत पडलीय तुझी, व्हर्लिन.

व्हर्लिन : कुठली?

आर्डिस : ही. सातवा प्रश्न. ‘आपल्या पत्नीला तिच्या स्वतःच्या नोकरीतून आरोग्य विमा देऊ केला आहे का?’ तू ‘नाही’वर खूण केलीस.

व्हर्लिन : हो. तिथंच करायची होती.

आर्डिस : चष्मा लाव आणि परत वाच.

व्हर्लिन : चष्मा लावूनच वाचलं. जेवणाच्या सुट्टीत रंगाच्या खोलीत बसून दोनदा वाचलं. हे बघ, कोपऱ्याला दरवाज्याचा पांढरा रंगसुद्धा लागलाय. आता सही कर आणि सोड मला, बाई. सव्वाचार झाले. पाचला तुमच्या या ऑफिसातलं विम्याचं दुकान बंद होतं, ते मग पुढच्या नोव्हेंबरपर्यंत उघडत नाही.

आर्डिस : म्हणून तर तीन आठवडे बोर्डावर नोटीस लावली होती. अख्खा कारखाना येऊन गेला. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला कोण उगवतं? तू.

व्हर्लिन : मागच्या वर्षीही मीच होतो.

आर्डिस : मागच्या वर्षीही तूच होतास. डोनट घे.

व्हर्लिन : नको. तुमची तर कमालच आहे. या टेबलावर डोनट मांडता, त्या टेबलावर बोट टोचून साखर बघता. साखर जास्त निघाली की हप्ता वाढवता.

आर्डिस : डोनट मी माझ्या पैशानं आणते. साखर कंपनी बघते. विषय बदलू नकोस. लव्हॉनला शाळेनं विमा देऊ केलाय.

व्हर्लिन : कोण म्हणतं?

आर्डिस : तुझी बायको म्हणते. रविवारी प्रार्थना झाल्यावर, चर्चच्या तळघरात. माझ्या कपात कॉफी ओतता ओतता म्हणाली, ‘आर्डिस, एकोणीस वर्षांनी शाळेला पत्ता लागला की मी तिथं कामाला आहे. पत्र आलंय. आता मी पूर्ण वेळची. विमा, सुट्टीचा पगार, सगळं.’ इतकी खूश होती की कॉफी बशीत सांडली.

व्हर्लिन : असलं तळघरात कशाला बोलायचं.

आर्डिस : चांगली बातमी माणूस कुठंही बोलतो.

व्हर्लिन : तिला चांगली वाटली.

आर्डिस : म्हणजे नवा नियम तू तिला सांगितला नाहीस?

व्हर्लिन : कसा सांगू? तूच सांग, कसा सांगू? गेल्या नोव्हेंबरात तू याच खुर्चीत बसून मला म्हणालीस, दोघांच्या विम्याचे आता आठवड्याला एकशेबत्तीस डॉलर कापणार. त्याआधी पंच्याण्णव होते. मी घरी गेलो. लव्हॉन भांडी पुसत होती. म्हणालो, हिवाळ्याचं गॅसचं बिल आलं की आपलं काही खरं नाही. ती म्हणाली, शाळेत सकाळच्या न्याहारीला एक बाई हवीय. मी म्हणालो, धर. मीच म्हणालो तसं, आर्डिस. ती म्हणाली, पहाटे साडेपाचला निघावं लागेल. मी म्हणालो, मी तुझी गाडी गरम करून ठेवीन.

आर्डिस : ठेवलीस?

व्हर्लिन : रोज. बर्फ खरवडून. एक दिवस चुकलो नाही.

आर्डिस : अच्छा.

व्हर्लिन : आधी सत्तावीस तास भरायची ती. न्याहारीचे सहा धरून तेहेतीस झाले. विम्याचे पैसे भरायला तास वाढवले. तास तिसाच्या वर गेले म्हणून कायद्यानं शाळेला तिला विमा द्यावा लागला. आणि शाळेनं दिला म्हणून तुमची कंपनी जानेवारीपासून तिला आमच्या विम्यातून काढणार. गेले दहा दिवस मी दरवाजे रंगवताना हेच डोक्यात फिरवतोय. कुठून धरलं तरी मीच सापडतो.

आर्डिस : माझी नाही ती कंपनी.

व्हर्लिन : मग कोणाची? माझी तर नाहीच. नऊ वर्षांपूर्वी युनियनच्या सभेत आपण सगळ्यांनी हात वर करून पगारवाढ सोडली. कशासाठी? बायकापोरं विम्यात राहावीत म्हणून. तूही होतीस तिथं, मागच्या रांगेत, विणकाम करत.

आर्डिस : मीही हात वर केला होता.

व्हर्लिन : मग? पगारवाढ गेली ती गेलीच. आता बायकोही काढतात.

आर्डिस : खाली बघ, व्हर्लिन. तुझ्या सहीच्या खाली. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.’ तिथं कोणाची सही लागते?

व्हर्लिन : तुझी.

आर्डिस : माझ्या माहितीप्रमाणे तो खोटा आहे.

व्हर्लिन : तुला माहिती नव्हती असं समज. रविवारी तुला ताप होता. चर्चला गेलीच नव्हतीस.

आर्डिस : मी वाद्य वाजवते रे तिथं. दोनशे माणसांनी मला पाहिलं.

व्हर्लिन : कोण तपासतंय?

आर्डिस : तपासतात. मागच्या वर्षी बाहेरची माणसं आणली होती, त्यांना तेवढंच काम. काचेच्या विभागातला गॉर्डी आठवतो?

व्हर्लिन : तो सोडून गेला ना? मिनेसोटाला, भावाकडं.

आर्डिस : गेला नाही, घालवला. त्यानंही याच प्रश्नाला हीच खूण केली होती. तेव्हा नियम एवढा कडक नव्हता, जास्तीचे पैसे भरले की बायको राहायची. ते पैसे वाचवायला त्यानं ‘नाही’ म्हटलं. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सगळा खर्च परत मागितला आणि नोकरीही घेतली. ते पत्र त्याच्या हातात कोणी दिलं?

व्हर्लिन : तू?

आर्डिस : मीच. तू बसलायस ना, तिथंच तो बसला होता. पत्र वाचलं, घडी घातली, आणि मला म्हणाला, ‘धन्यवाद.’ सवयीनं म्हणाला बिचारा. त्यानंतर दोन रविवार मला सूर सापडत नव्हते.

व्हर्लिन : तिची संधिवाताची सुई महिन्याला सहा हजार डॉलरची आहे, आर्डिस. आपल्या विम्यात आम्हाला साठ पडतात.

आर्डिस : ठाऊक आहे. तो कागद दरवर्षी माझ्याच हातून जातो.

व्हर्लिन : शाळेच्या विम्यात ती सुई बसत नाही. मी फोन करून विचारलं. पाऊण तास गाणं ऐकवलं, मग एका पोरीनं सांगितलं. आधी सहा महिने स्वस्तातल्या गोळ्या घ्या. त्यांनी गुण आला नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं, तर मग विचार करू.

आर्डिस : त्या गोळ्या तिनं घेतल्यात ना पूर्वी?

व्हर्लिन : सात महिने घेतल्या. तेही सांगितलं मी. पोरगी म्हणाली, ते जुन्या विम्यात होतं, इथं नव्यानं सुरुवात. चांगली होती पोरगी. शेवटी ‘सॉरी’ म्हणाली, मनापासून. तिचा तरी काय दोष. पण त्या सात महिन्यांत लव्हॉनला ब्लाउजची बटणं लावता येत नव्हती. मी लावायचो. नात झाली तेव्हा आमची मुलगी बाळ हातात द्यायला आली, तर ही हात मागं घेऊन म्हणाली, ‘राहू दे, मला सर्दी आहे.’ सर्दी नव्हती तिला.

(दार वाजते. लव्हॉन आत येते. शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन तसाच, वरून कोट.)

लव्हॉन : ट्रक गॅरेजात, नवरा ऑफिसात, आणि मी बाहेर वीस मिनिटं हीटर लावून बसलेय म्हातारीसारखी. अगं आर्डिस, याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंस की काय? काय केलं यानं? डोनट! एक घेते हं. आज चारशे दालचिनीचे रोल लाटले मी, एकसुद्धा तोंडात टाकला नाही. उद्या जेवणात चिलीचा तिखट रस्सा आहे ना, आणि चिलीबरोबर रोल नसला तर ही पोरं दंगल करतील. बाकीच्या शाळांमध्ये तयार रोल थैलीतून काढून गरम करतात. आमच्याकडं कणीक मी मळते. नवी मुख्याध्यापिका म्हणाली, मिसेस ओटेसन, यंत्र घेऊन देऊ का? म्हटलं, बाई, यंत्र आणलंस तर मी… तुम्ही दोघं असे का बसलात? कोणी गेलं का?

व्हर्लिन : कोणी नाही गेलं. एक सही राहिलीय. तू गाडीत बस, मी आलोच.

लव्हॉन : आर्डिस?

आर्डिस : बस जरा, लव्हॉन.

लव्हॉन : ‘बस’ म्हणू नकोस. डॉक्टरही आधी ‘बसा’च म्हणतात.

व्हर्लिन : आर्डिस, नको.

आर्डिस : तिच्या हातांचा प्रश्न आहे. तिला कळायला नको? तू सांगतोस की मी सांगू?

व्हर्लिन : …लव्हॉन, ते शाळेचं पत्र. विम्याचं.

लव्हॉन : हं. फ्रिजवर लावलंय, नातीच्या फोटोशेजारी.

व्हर्लिन : ज्याच्या बायकोला तिच्या नोकरीत विमा मिळतो, तिला आमची कंपनी आता विमा देणार नाही. जानेवारीपासून.

लव्हॉन : मग सोपं आहे. शाळेचा नको म्हणून कळवते मी. पत्रात खाली तशी चौकट आहे.

आर्डिस : नको म्हटलं तरी चालत नाही. त्यांनी देऊ केला, एवढंच बघतात. तू घेतलास की नाही, ते बघत नाहीत.

लव्हॉन : म्हणजे वाढलेलं ताट मी खाल्लं नाही, तरी मी जेवले असं धरायचं?

आर्डिस : तसंच.

लव्हॉन : हे कोणी लिहिलं? त्याला एकदा माझ्या स्वयंपाकघरात पाठव. बरं, मग न्याहारीचं काम सोडते. पुन्हा सत्तावीस तास. पहाटे झोप तरी होईल. यालाही बर्फात उभं राहायला नको.

आर्डिस : त्यानं आता उपयोग नाही. गेल्या वर्षभराच्या तासांची सरासरी काढून त्यांनी तुला दिलाय. उद्यापासून दहाच तास केलेस, तरी पुढचं सगळं वर्ष तो देऊ केलेलाच राहतो. मी दुपारी शाळेच्या ऑफिसात विचारलं. नाव न घेता.

लव्हॉन : आमच्या ऑफिसातल्या रॉक्सीनला विचारलंस आणि नाव घेतलं नाहीस? मग सगळ्या शाळेला कळलंय.

व्हर्लिन : तू दुपारीच विचारलंस? मी यायच्या आधी?

आर्डिस : रविवारीच माझ्या लक्षात आलं होतं. ती कॉफी ओतत होती आणि मी मनात म्हणत होते, व्हर्लिन येईल तेव्हा मी काय करू.

लव्हॉन : थांबा. थांबा जरा. मला नीट कळू दे. तुला हे कधीपासून माहीत होतं, व्हर्लिन ओटेसन?

व्हर्लिन : दहा दिवस.

लव्हॉन : दहा दिवस! आणि मी ते पत्र फ्रिजवर लावलं तेव्हा तू चुंबक आणून दिलास.

व्हर्लिन : तू हसत होतीस.

लव्हॉन : हसत होते म्हणून काय झालं? मी काय लहान आहे? आणि मग ठरवलं काय होतंस? तो कागद दाखव. दाखव म्हणते ना. ‘नाही.’ अरे देवा. ‘नाही’! व्हर्लिन, मी हे पाद्रीबाबांना सांगितलंय. केस कापणाऱ्या डोरीनला सांगितलंय. दुकानात रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईला सांगितलंय, तिला तर मी ओळखतही नाही. आणि तू इथं ‘नाही’ लिहितोस!

व्हर्लिन : दुसरं काय लिहू? मीच तुला तास वाढवायला लावले.

लव्हॉन : तू लावलेस? मला? बावन्न साली वर्गातल्या बाईंना मला उजव्या हातानं लिहायला लावता आलं नाही, आणि तू तास वाढवायला लावशील? न्याहारीचं मी सुचवलं. मला हवं होतं ते काम. सकाळी पोरं झोपेत येतात, टोप्या डोळ्यांवर, त्यांना गरम काहीतरी हातात द्यावं लागतं. म्हणे मी लावलं. मोठा आला लावणारा.

आर्डिस : बावन्न साली तुझा जन्म तरी झाला होता का?

लव्हॉन : आर्डिस, आत्ता नको.

व्हर्लिन : शाळेच्या विम्यात सुई बसत नाही, लव्हॉन. आधी त्या गोळ्या.

लव्हॉन : त्या गोळ्या?

व्हर्लिन : सहा महिने.

(लव्हॉन हातातला डोनट खाली ठेवते.)

आर्डिस : पाणी देऊ?

लव्हॉन : नको. त्या गोळ्यांवर मी मार्चपर्यंतसुद्धा कढई उचलू शकणार नाही. मग शाळाच मला घरी पाठवेल, फुलं देऊन. हो ना? म्हणजे मी शाळेत राहिले तर हात जातात, आणि हात गेले की शाळा जाते.

आर्डिस : दे तो कागद इकडं.

व्हर्लिन : काय करतेस?

आर्डिस : सही करते. तास संपत आलाय. पन्नास कागदांच्या ढिगात हा खाली ठेवीन. रविवारी मला ताप होता.

व्हर्लिन : आर्डिस…

लव्हॉन : ठेव ते पेन खाली.

आर्डिस : एकतीस वर्षं मी या खोलीत खरंच लिहिलंय. एक चौकट खोटी निघाली तर आभाळ कोसळत नाही.

लव्हॉन : गॉर्डीवर कोसळलं. मला माहीत आहे, त्याची बायको माझ्याजवळ रडलीय. ठेव म्हणते ना! तुझं सोडून दे, याची नोकरी गेली तर विमा कोणालाच नाही, ना मला ना याला. आणि तू काय करशील? घरी बसून मांजरांना वाद्य शिकवशील? पेन माझ्याकडं दे. मी नोकरीच सोडली तर?

आर्डिस : मग तुला देऊ केलेलं काही उरत नाही. एक जानेवारीला तू शाळेत नसशील, तर ‘नाही’ ही खूण खरी.

लव्हॉन : याच खुणेवर?

आर्डिस : याच खुणेवर. फक्त तुझं निवेदन जोडावं लागतं. आज सही, आणि राजीनाम्याची प्रत महिनाअखेरपर्यंत.

व्हर्लिन : नाही. नाही, लव्हॉन. एकोणीस वर्षं झाली. घरी जाऊ, रात्रभर विचार करू.

लव्हॉन : किती वाजले, आर्डिस?

आर्डिस : पाचला बारा कमी.

लव्हॉन : मग रात्रभर इथंच बारा मिनिटांत करू या. पासष्टला सरकारी विमा मिळतो. मी एकसष्ट. चार वर्षं काढायचीत. पुन्हा घेतील का गं मला कमी तासांवर?

आर्डिस : सहा महिने बाहेर राहिलीस, तर नवी म्हणून घेऊ शकतात. नव्या माणसाच्या पगारावर. जागा असली तर.

लव्हॉन : जागा नसते. माझ्या जागेवर थैली येईल. बघ तू, पहिल्याच सोमवारी थैलीतले रोल येतील. नाताळच्या सुट्टीपर्यंत राहता येईल ना? पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण आहे शाळेत, आजीआजोबा येतात सगळ्यांचे. तेवढं मला करायचंय.

आर्डिस : एकतीस डिसेंबरपर्यंत राहा.

व्हर्लिन : आणि पैसे? तुझा पगार गेला, आणि हप्ता या वर्षी पुन्हा वाढलाय. एकशेअडुसष्ट. पहिला कागद तोच आहे बघ.

लव्हॉन : बघितला. शनिवारी तू जास्तीची पाळी घेशील. मी डोरीनची पोरं सांभाळीन. हात असले तर काहीतरी धरता येतं, व्हर्लिन. नसले तर तू माझी बटणं लावत बसशील, आणि तू ती वाकडी लावतोस. नेहमी एक घर चुकवतोस. सात महिने मी वाकडी फिरले गावातून.

व्हर्लिन : कधी बोलली नाहीस.

लव्हॉन : तू इतकं मन लावून लावायचास.

आर्डिस : हे निवेदन. नीट वाच आधी.

लव्हॉन : ‘मी, खाली सही करणारी, स्वखुशीनं…’ हे ‘स्वखुशीनं’ खोडता येईल का?

आर्डिस : छापील आहे ते. खोडलं की संगणक घेत नाही.

लव्हॉन : बरं. असू दे. कुठं करायची?

आर्डिस : इथं. आणि खाली तारीख.

व्हर्लिन : लव्हॉन, मी…

लव्हॉन : हात धरू नकोस, सही हलेल. …हं. घे.

आर्डिस : किती सुबक सही येते गं तुझी.

लव्हॉन : परवाच सुई घेतलीय ना.